परवान्याची बारा बोर पावसाळ्यात कशी जपावी: जावळीच्या धुक्यापासून जतच्या धुळीपर्यंत

सातारा-सांगलीत परवान्याची बंदूक म्हणजे बहुतेक घरांत दुनळी नाहीतर एकनळी बारा बोर, आणि डोंगराकडच्या गावांत पीकसंरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-छर्रे ठासून भरायची. ती वर्षातून चार-दोनदाच वाजते. बाकीचे सगळे दिवस ती कपाटात पडून असते, आणि बिघडते ती तिथंच. वाजवून झिजलेली नळी क्वचित दिसते, गंजाने खाल्लेली मात्र सर्रास. बाहेरचा गंज डोळ्यांना दिसतो, फडक्याने पुसता येतो. आतला दिसत नाही, आणि घात करतो तो आतलाच. म्हणून खाली दिलेलं सगळं एका सवयीभोवती फिरतं: काडतूस घालण्याआधी दर वेळी नळीतून आरपार बघायचं.

एक गोष्ट आधीच सांगतो. वाजलेल्या काडतुसात पुन्हा दारू-छर्रे भरता येतील का, असं अनेक जण विचारतात. दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. बंदुकीची दुरुस्तीही याच कलमात बसते. त्यामुळे गावातल्या लेथवाल्याकडे किंवा लोहाराकडे बंदूक द्यायची नाही. घरी करायची ती फक्त साफसफाई आणि तपासणी.

कधी करायचं

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कोयनेचं खोरं, पाटणचा वरचा भाग, जावळीतली आणि कांदाटी खोऱ्यातली गावं जून ते सप्टेंबर ढगातच असतात. तिकडं आठ दिवसांनी एकदा बंदूक बाहेर काढून पुसायची. कराड, वाळवा, शिराळा, पलूस या भागात पंधरा दिवसांनी चालतं. माण, खटाव, आटपाडी, जतला महिन्यातून एकदा पुरे, पण तिथं शत्रू वेगळा आहे: बारीक धूळ. तेल लावलेल्या लोखंडावर ती बसली की तिचा पॉलिश पेपर होतो आणि सांध्याला घासत राहतो. म्हणून पूर्वेकडे तेल कमी आणि पुसणं जास्त, पश्चिमेकडे तेलाचा थर पातळ पण कायम.

संपूर्ण, सुटी करून सफाई वर्षातून दोनदा: मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि दिवाळीच्या सुमाराला. शिवाय बंदूक वाजली किंवा भिजली की त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत.

थंडीत उसाच्या फडाकडून किंवा माळावरून पहाटे घरी आल्यावर गार बंदूक लगेच चूल पेटलेल्या उबदार घरात आणली, तर लोखंडावर घाम येतो. ती आधी ओसरीत तुमच्या नजरेखाली अर्धा तास राहू द्या, मग कोरड्या फडक्याने पुसून आत न्या.

काय लागतं

तीन तुकड्यांचा लाकडी किंवा पितळी गज, बारा बोरचा पितळी ब्रश, जुन्या सुती बनियनचे साधारण तीन इंच चौकोनी तुकडे पंधरा-वीस, बंदुकीचं तेल, सांध्यासाठी थोडं ग्रीस, जुना दात घासायचा ब्रश, वर्तमानपत्र आणि टॉर्च. बंदुकीचं तेल मिळालं नाही तर शिवणयंत्राचं पांढरं तेल चालतं. खोबरेल, गोडं तेल, एरंडेल हात लावायचं नाही: ही तेलं हवेत सुकून चिकट होतात, खोबरेल थंडीत थिजतं, आणि चाप-घोड्याच्या आत गेलेलं असं तेल फायरिंग पिन अडकवून ठेवतं. पिन पुढं आलेल्या अवस्थेत अडकली आणि काडतूस घालून बंदूक बंद केली, तर चाप न दाबताही बार उडू शकतो. रॉकेलने घाण सुटते हे खरं, पण ते उडून गेल्यावर लोखंड उघडं पडतं. रॉकेल वापरलं तर त्यावर तेलाचा हात फिरवल्याशिवाय काम संपलं असं समजू नका.

पहिलं काम: रिकामी आहे याची खात्री

नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, म्हणजे माती किंवा जाड दगडी भिंतीकडे. बोट चापापासून दूर. लिव्हर उजवीकडे ढकलून बंदूक मोडा, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडा. दोन्ही चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही चाचपा. अंधुक उजेडात काळ्या बुडाचं काडतूस नजरेतून सुटतं, बोटातून सुटत नाही. काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. साफसफाईच्या टेबलावर एकही जिवंत काडतूस नको.

ठासणीच्या बंदुकीत आत डोकावून काही कळत नाही. तिच्यासाठी गजावर खूण हवी. बंदूक पूर्ण रिकामी आहे हे नक्की माहीत असताना गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी जिथं येतो तिथं त्यावर चाकूने बारीक खाच पाडा. पुढं केव्हाही गज सोडला आणि खाच तोंडाच्या वर राहिली, तर आत बार आहे किंवा काहीतरी अडकलंय. अशा वेळी केप, म्हणजे घोडा आदळून ठिणगी पाडणारी छोटी टोपी, काढून घ्या, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याला विचारा. घरी खरवडून बार काढायचा नाही, आणि नळीत फुंकर तर कधीच मारायची नाही.

दुनळी सुटी करणं आणि नळी साफ करणं

आधी पुढचं लाकूड, म्हणजे फोरएंड, त्याची खिट्टी ओढून काढा. मग लिव्हर दाबून नळ्या उघडा आणि उचलून आकड्यातून अलग करा. एवढंच सुटं करायचं. घोड्यांची पेटी उघडणारे स्क्रू बंदुकीसाठीच घासून केलेले असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांच्या खाचा चिरडतात आणि आतली कमान सुटली तर ती परत बसवणं घरी जमत नाही.

साफ करताना गज नेहमी चेंबरच्या बाजूने घालून तोंडाकडून बाहेर काढायचा, म्हणजे घाण यंत्रणेत येत नाही. पहिल्यांदा वर्तमानपत्राचं अर्धं पान चुरगाळून गोळा करा आणि एका दमात आरपार ढकला. सैल राख आणि प्लॅस्टिकच्या डाटाचे, म्हणजे काडतुसात दारू आणि छर्ऱ्यांमध्ये असलेल्या बुचाचे, कण त्यातच निघतात. मग ब्रशला तेल किंवा साफसफाईचं द्रावण लावून दहा-बारा वेळा पूर्ण आरपार. नळीत मध्येच ब्रश उलटा फिरवू नका, तारा वाकतात. दहा मिनिटं थांबा. त्यानंतर कोरड्या चिंध्या, पांढऱ्या येईपर्यंत.

आता नळी उजेडाकडे धरा. थेट बल्बकडे नको, खिडकीतल्या आभाळाकडे धरा. आतली भिंत आरशासारखी दिसली पाहिजे. राखाडी लांबट पट्टे दिसले, विशेषतः चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात आणि तोंडाकडच्या चोकमध्ये (नळी किंचित आवळते तिथं), तर ते शिशाचे. ब्रशने आणखी घासले की जातात. काळे ठिपके घासूनही न हलणारे असतील तर ते गंजाचे खड्डे. आणि नळीला हळूहळू फिरवताना एका जागी काळसर वळं दिसलं, तर तिथं नळी फुगलेली आहे. बाहेरून त्याच ठिकाणी अंगठा आणि तर्जनी फिरवली की उंचवटा हाताला लागतो. अशी बंदूक पुन्हा वाजवायची नाही, दाखवूनच आणायची.

शेवटी प्रत्येक नळीला पाच-सहा थेंब तेल घेतलेली चिंधी, आणि तिच्यामागोमाग एक कोरडी. थर दिसला नाही पाहिजे, बोटाला फक्त जाणवला पाहिजे. पश्चिमेकडच्या भागात हे झाल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवा. ती तांबूस आली तर आत अजून राख आहे, आणि सगळं पहिल्यापासून करायचं. या तिसऱ्या दिवशीच्या चिंधीचा कंटाळा करतात त्यांच्याच नळ्या गणपतीपर्यंत ठिपकेदार होतात.

जोडताना बिजागरीच्या खिळीवर आणि नळीखालच्या आकड्यावर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. जास्त लावलं तर धूळ धरतं. जोडून झाल्यावर फोरएंड पुन्हा काढा, दस्त्याची मूठ धरून बंदूक हलकीच हलवा. नळी खडखडली तर सांधा ढिला झालाय. लिव्हर मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे थांबत असेल तर चांगलं. डावीकडे ओलांडून जात असेल तर झीज पुष्कळ झाली.

ठासणीची: इथं पाणी हवं

काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि नळी एका रात्रीत तांबडी करते. जुन्या काही केपांमधल्या क्लोरेटमुळेही मागं क्षार राहतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून वाजलेल्या ठासणीच्या बंदुकीत तेल ओतून ठेवणं ही सगळ्यात महाग चूक. क्षार तेलाखाली सुरक्षित राहतो आणि खात राहतो.

निपल, म्हणजे केप बसते ती भोकाची नळकांडी, पान्याने काढा. बादलीत कडकडीत पाणी, त्यात चमचाभर धुण्याचा साबण. नळीचं बुड पाण्यात बुडवून तोंडाकडून चिंधी लावलेला गज पंपासारखा वर-खाली करा. निपलच्या भोकातून पाणी आत-बाहेर होतं. पाणी काळं झालं की बदला, साधारण तिसरं पाणी स्वच्छ येतं. शेवटी लिटर-दीड लिटर उकळतं पाणी हातमोजा किंवा फडकं धरून नळीतून ओता. लोखंड इतकं तापतं की आतलं पाणी स्वतःच उडून जातं. कोरड्या चिंध्या फिरवा आणि नळी कोमट असतानाच तेल लावा. निपलच्या आट्यांना थोडं ग्रीस लावून परत बसवा. वापरण्याआधी मात्र हे तेल चिंधीने पूर्ण काढायचं, नाहीतर दारू भिजते आणि बार फुसका जातो.

बाहेरचा गंज आणि दस्ता

तांबूस पापुद्रा आला असेल तर त्यावर तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी तांब्याच्या पट्टीच्या कडेने हलक्या हाताने खरवडा. सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्य नंबरची स्टील वूल तेलात भिजवूनही चालते. पॉलिश पेपर नको. तो गंजासोबत नळीचा निळा-काळा मुलामाही उतरवतो, आणि उघडं पडलेलं लोखंड आणखी लवकर गंजतं. हाताचा घामही गंजच आणतो, म्हणून बंदूक आत ठेवण्याआधी शेवटचा स्पर्श तेलाच्या फडक्याचा हवा.

दस्त्याला जवसाचं तेल. तीन-चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड गरम लागेपर्यंत चोळा, चोवीस तास सुकू द्या, मग मऊ फडक्याने पुसा. वर्षातून दोनदा पुरे. जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा. लोखंडाचं तेल मात्र दस्त्यात मुरू द्यायचं नाही, त्याने लाकूड मऊ पडून सांध्याशी चिरतं. म्हणून सफाईनंतर दोन-तीन दिवस बंदूक तोंड खाली करून, फडक्यावर टेकवून कपाटात ठेवतात.

ठेवायची जागा

चुलीवरचा पोटमाळा ऊबदार म्हणून जुन्या घरांत निवडतात. तिथला धूर लोखंडाला बाधतो. पावसाच्या तोंडची, म्हणजे पश्चिमेची मातीची भिंतही नको, ती ओल सोडत राहते. आणि चामड्याच्या पिशवीत किंवा स्पंजाच्या कव्हरात बंदूक कधीही साठवू नका. ती कव्हरं नेण्या-आणण्यापुरती. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात राहतात; दोन महिन्यांनी बंदूक काढली तर कव्हराच्या शिवणीची रेघ नळीवर गंजाने उमटलेली सापडते.

भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्कं केलेलं लोखंडी कपाट, आतल्या भिंतीलगत, जमिनीपासून वीतभर उंच. किल्ली परवानाधारकाकडेच. परवान्याच्या वेळी सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र दिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. आत पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल प्याले. वेगळ्या ठेवलेल्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत भाजा. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचा नाही.

नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून ठेवायची पद्धत मोडून टाका. बोळ्यामागं ओल कोंडते, आणि काढायचा विसरला तर बार उडताच नळी फुटते. उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, हेही खरं आहे. तोंडावर बाहेरून लाल रंगाच्या कापडाची टोपी बांधा, म्हणजे बंदूक हातात घेताक्षणी ती दिसते. आणि तरीही आरपार बघा. मातीच्या दोन बोटं घराने पोलादाची नळी केळीच्या सालीसारखी उलगडते.

काडतुसं

परवान्यावर एका वेळी बाळगायची आणि वर्षात खरेदी करायची संख्या लिहिलेली असते. त्याप्रमाणे वहीत खरेदी, वापर, शिल्लक लिहून ठेवा. एखादं जरी कमी भरलं तर पोलीस ठाण्यात कळवा.

काडतुसं बंदुकीपासून वेगळ्या कुलपात, रबरी पट्टी असलेल्या लोखंडी डब्यात ठेवावीत. पत्र्याच्या छपराखाली नको. जतला मे महिन्यात पत्र्याखालची खोली भट्टी होते आणि दारू लवकर खराब होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं वर्षानुवर्षं लोक बाळगून असतात. जुनी आधी वापरायची, नवी मागं ठेवायची.

कागदी नळीचं काडतूस दमटपणाने फुगतं आणि चेंबरमध्ये अडतं. अंगठ्याने दाबून न बसलेलं काडतूस हातोडीने किंवा बंदूक आपटून बसवू नका. पितळी बुडावर हिरवा थर, कडेला गंज, तोंडाची घडी उघडलेली किंवा हलवल्यावर छर्रे सांडत असतील, तर ते बाजूला काढा. उन्हात वाळवून पुन्हा वापरणं, विहिरीत टाकणं, पुरणं किंवा जाळणं यातलं काहीच करायचं नाही. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा. तेलकट हाताने काडतुसं हाताळू नका. तेल झिरपून बुडातली टोपी, म्हणजे पिन आदळून पेट घेणारा भाग, मरते. चेंबरही वापरण्याआधी कोरडा पुसायचा, कारण तेलाने निसरड्या चेंबरमध्ये काडतूस भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का मागच्या तोंडावर येतो.

लांबीची चूक सगळ्यांत फसवी. संस्थानी काळापासून घरात आलेल्या विलायती बंदुकींचा चेंबर बहुधा ६५ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच इंची. आजची काडतुसं बरीचशी ७० मिलिमीटरची. ही लांबी वाजून तोंड उघडल्यानंतरची असते, त्यामुळे न वाजलेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं. वाजल्यावर त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. नळीच्या खालच्या बाजूचे शिक्के वाचा. समजले नाहीत तर विक्रेत्याकडून चेंबर मोजून घ्या. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती पट्ट्या वळून केलेली दमास्कस नळी आहे, तिच्यात आजची धूररहित दारूची काडतुसं चालवायची नाहीत.

घरात वीस बोरची बंदूक असेल तर तिची काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या खणात. वीसचं काडतूस बाराच्या नळीत चेंबर ओलांडून पुढं घसरतं आणि अडकून बसतं. चेंबर रिकामा दिसतो, माणूस वर बाराचं काडतूस घालतो आणि दोन्ही एकदम उडतात. वीस बोरच्या काडतुसांचा पिवळा रंग हाच अपघात टाळण्यासाठी ठरवलेला आहे.

बार उडाला नाही तर

चाप दाबला आणि आवाज झाला नाही, तर नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबा; ठासणीच्या बंदुकीला दोन मिनिटं द्या. दमट दारू उशिरा पेट घेते. मगच, चेहरा बाजूला ठेवून बंदूक मोडा. काडतुसाच्या टोपीवर पिनेचा खळगा बघा: खोल आणि मधोमध असेल तर दोष काडतुसाचा, उथळ किंवा कडेला असेल तर बंदुकीचा.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी बसला, तर दुसरा बार लगेच टाकू नका. डाट नळीतच राहिला असण्याची शक्यता मोठी. दोन्ही काडतुसं काढा, आरपार बघा, गजाने डाट ढकलून काढा.

निवडणुकीत जमा करताना

२०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ६ जूनला उठली. साताऱ्यात आणि सांगलीत मतदान ७ मे रोजी होतं. अशा वेळी ज्यांना बंदूक जमा करायला सांगितलं जातं त्यांची ती कोरड्या मार्चमध्ये आत जाते आणि पहिल्या पावसात बाहेर येते, मधे एकदाही पुसली न जाता. म्हणून जमा करण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण सफाई करा आणि नेहमीच्या पातळ तेलाऐवजी आत-बाहेर व्हॅसलीन किंवा ग्रीसचा थर द्या, मेणकापडात गुंडाळा. चापाच्या कड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधा: नाव, परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक, आणि मोठ्या अक्षरांत ‘नळीत ग्रीस आहे’. पावतीवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी तिथंच ताडून घ्या; दस्त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो जवळ असू द्या. परत आणल्यावर पहिलं काम ग्रीस काढण्याचं. ग्रीसचा जाड गोळाही नळीतला अडथळाच आहे.

परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी जिल्हाधिकारी कार्यालयात पोचेल असं बघा, आणि बंदूक तपासणीला न्यायची असेल तर मोडून, रिकामी, कव्हरात, काडतुसं वेगळी आणि मूळ परवाना खिशात.

गवा आणि बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पिकात शिरलेला गवा असो की उसातला बिबट्या, परवान्याची बंदूक त्याच्यावर रोखायची नाही. वनखात्याला कळवा, आणि पिकाच्या नुकसानीचा पंचनामा लगेच करून घ्या, पुढच्या पावसात खुरांचे ठसे राहत नाहीत.